सेवेस निघालेला पाहुणा

परदेशीं जाऊन कांहीं दिवस लोकांची सेवा करावी, अशी इच्छा आज लातूर-नांदेडकडील शिकलेल्या घरांतूनही ऐकूं येते. परीक्षा संपलेली असते, नोकरी अजून धरलेली नसते, आणि मधल्या दोन-तीन महिन्यांचें कांहीं चीज व्हावें असें तरुणांना वाटतें. कोणाला आफ्रिकेंतील एखाद्या शाळेंत शिकवावयाचें असतें, कोणाला नेपाळांतील अनाथाश्रमांत मुलांना सांभाळावयाचें असतें, तर कोणाला युरोपांतील एखाद्या शेतावर राबून रासायनिक खतांवांचून होणारी शेती पाहावयाची असते. याच मुलांच्या मनांत दुसरीही एक इच्छा असते. आपल्या जगण्यानें कोणाची पिळवणूक होऊं नये, पृथ्वीवर नाहक भार पडूं नये, म्हणून तीं बाजारांत कापडी पिशवी नेतात, नवे कपडे कमी घेतात, कांहीं तर घरच्या मोटारींतही बसत नाहींत. दोन्ही इच्छा स्तुत्य आहेत. परंतु विमानाचें तिकीट काढण्याची वेळ आली म्हणजे त्या दोघींची प्रथम समोरासमोर गांठ पडते, आणि ती भेट फारशी सलोख्याची होत नाहीं.

अशा वेळीं घरांत दोन हिशेब मांडले जातात. वडीलमाणसें खर्चाचा हिशेब करतात, मुलें पुण्याचा करतात. ज्या गांवीं जावयाचें, त्या गांवाच्या बाजूनें मात्र क्वचितच कोणी हिशेब करतो. पाहुणा कितीही सद्हेतूनें आला तरी तो प्रथम भार असतो. त्याला पाणी लागतें, अंथरूण लागतें, दुभाषी लागतो, वाट दाखविण्यास माणूस लागतो. त्याची मदत या भाराहून अधिक केव्हां होते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यास लातूर जिल्ह्यानें दूर जाण्याचें कारण नाहीं. यजमानाच्या बाजूनें त्यानें तो अनुभव घेतलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणपतींचें विसर्जन आटोपून लोक उशिरां निजले होते. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील आठ ते दहा हजार माणसें दगडामातीखालीं सांपडून गेलीं. भूकंपाचें माप सहाच्या किंचित वर होतें. एवढ्या शक्तीचे भूकंप जगांत दरवर्षीं शंभरावर होतात, आणि त्यांतील पुष्कळांत एकही माणूस दगावत नाहीं. किल्लारीस एवढा संहार झाला तो बहुतांशीं घरांच्या बांधणीमुळें.

त्या भागांतील जुनें घर म्हणजे काळ्या दगडाच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, वर लाकडी तुळया व फळ्या, आणि त्यांवर फूट-दोन फूट मातीचा थर दिलेलें धाबें. याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यांत पारा ४० च्या वर चढला तरी आंत गारवा राहतो. रात्रीं वर निजतां येतें, दिवसा वर डाळी-मिरच्या वाळवितां येतात. पण ती रुंद भिंत दिसते तशी एकसंध नसते. आंतला एक पदर, बाहेरचा एक पदर, आणि दोहोंच्या मधें दगडांचे तुकडे व चिखल, अशी तिची रचना असते. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड घातलेले नसतील, तर जमीन हादरतांच हे पदर परस्परांपासून सुटतात, भिंत फुगते व कोसळते, आणि वरचें टनावारी मातीचें ओझें खालीं निजलेल्यांच्या अंगावर येतें. त्या पहाटे हेंच घडलें.

यानंतर देशांतून आणि परदेशांतून मदतीचा लोट आला. जखमींवर उपचार करणारे डॉक्टर आणि ढिगारे उपसणारे जवान यांच्याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. अवघड प्रश्न पहिला महिना संपल्यावर सुरू होतो. उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. शासनानें जागतिक बँकेच्या साहाय्यानें मोठा कार्यक्रम हातीं घेतला, आणि कित्येक गांवें निरनिराळ्या देणगीदार संस्थांनीं बांधून दिलीं. घराचें क्षेत्रफळ २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट; कुटुंबाकडे जमीन किती, यावर तें ठरे. भिंती सिमेंटच्या, छप्पर सिमेंटचें, रस्ते पट्टीनें आंखल्यासारखे सरळ. घरें मजबूत होतीं, हें मान्य केलेंच पाहिजे. दगडाच्या नुसत्या नांवानें ज्यांच्या अंगावर कांटा येत होता, त्या लोकांनाही त्या वेळीं सिमेंटच हवें होतें, हेंही विसरतां कामा नये. पण उन्हाळा आला आणि सिमेंटचें छप्पर तापूं लागलें. नवीं गांवें जुन्याच्या कित्येक पट जागेवर पसरलीं. शेजार तुटला, शेत लांब पडलें, गुरें कोठें बांधावीं आणि कडबा कोठें रचावा, असे प्रश्न निघाले.

गुबाळ येथें तर घुमटाच्या आकाराचीं घरें उभीं राहिलीं. घुमट भूकंपाला उत्तम टिकतो, ही गोष्ट गणितानें सिद्ध करतां येते. पण गोल भिंतीला चौकोनी कपाट लावावें कसें, कणगी ठेवावी कोठें, मुलाचें लग्न झालें तर खोली वाढवावी कोणत्या बाजूला, याचा विचार त्या गणितांत नव्हता. रहिवाशांनीं पुढें घुमटांच्या भोंवतीं आपापल्या समजुतीप्रमाणें पडव्या व भिंती जोडून घेतल्या. बांधणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें कोणीच म्हणणार नाहीं. ते घाईंत होते, आणि परत जाणारे होते.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा गाजला नाहीं, आणि अधिक शिकण्यासारखा तोच आहे. ज्या गांवांतील घरें पडलीं नव्हतीं, पण खिळखिळीं झालीं होतीं, तेथें जुनें घरच दुरुस्त करावयाचें ठरलें. लाखावर घरांचा हा प्रश्न होता. पैसा हप्त्यांनीं घरमालकाला द्यावयाचा, आणि काम त्यानें स्वतः उभें राहून करून घ्यावयाचें, अशी योजना होती. भिंतींत आरपार जाणारे बांध घालणें, माळवदावरील मातीचा थर कमी करणें, तुळई व खांब यांचा सांधा तिरप्या आधारानें पक्का करणें, ह्या त्यांतील मुख्य गोष्टी. म्हणजे दोष दगडाचा नव्हता; दगड दगडाला बांधलेला नव्हता, हा दोष होता. तो काढला कीं तोच गांवचा दगड, तीच माती, तोच गवंडी आणि तोच गारवा कायम राहतो. निसर्गाला पेलेल असें राहावें म्हणून आज जगभर जे उपाय शोधले जात आहेत, त्यांत याहून सोपा उपाय क्वचितच सांपडेल.

हें काम गांवोगांव समजावून सांगण्यासाठीं ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्यानें खेड्यांतील स्त्रिया संवाद-सहायक म्हणून पुढें आल्या. घरांत सर्वांत अधिक वेळ राहणारी बाई. पण बांधकामाच्या गोष्टींत तिला पूर्वीं कोणी विचारीत नसे. आतां ती अंदाजपत्रकाची चौकशी करूं लागली, आणि बांधलेल्या भिंतीवर पाणी किती दिवस मारावें हें गवंड्याला सांगूं लागली.

२६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां लातूर-उस्मानाबादकडील अशा कांहीं स्त्रिया तिकडे गेल्या. १९९९ च्या भूकंपांत होरपळलेल्या तुर्कस्तानांतील स्त्रियांशींही त्यांच्या अनुभवाची देवाणघेवाण झाली. परदेशीं सेवेचा विषय निघाला कीं डोळ्यांपुढें पाठीवर पिशवी टाकलेला गोरा तरुण येतो. डोक्यावर पदर घेतलेली मराठवाड्यांतील खेड्यांतली बाई येत नाहीं. ती यावी. तिच्याजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता, तेथील भाषाही येत नव्हती. पण घर कोसळल्यानंतरचें पहिलें वर्ष कसें जातें, दुरुस्तीचा हप्ता कोठें अडतो, अर्ज कोणापुढें ठेवावा, आणि आपल्याला न विचारतां आपलें घर दुसऱ्या कोणी ठरविलें तर पुढें काय होतें, हें तिला ठाऊक होतें. हें ज्ञान विकत मिळत नाहीं, आणि ज्या गांवीं ती गेली त्या गांवाला त्या दिवशीं तेंच हवें होतें.

तेथील माणसाला जें काम करतां येतें, तें करण्यास परक्यानें जावें काय, हा वाद जुना आहे. पिएर सेरेसोल हे स्वित्झर्लंडचे इंजिनियर. वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यांत त्यांनीं स्वयंसेवकांची छावणी भरविली. तींत जर्मनही होते. ज्या राष्ट्रानें पाडलें त्याच्या माणसांनीं बांधावें, ही कल्पना थोर होती. पण तेथील लोकांना जर्मनांचें येणें सोसलें नाहीं, आणि कांहीं महिन्यांत छावणी मोडावी लागली. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भूकंप झाला, तेव्हां हेच सेरेसोल हिंदुस्थानांत आले. काय हवें आहे तें त्यांनीं पाहिलें, आणि मोजके सोबती घेऊन ते परत आले. मुझफ्फरपूर जिल्ह्यांत पुराच्या तोंडीं सांपडलेलीं खेडीं उंच जागीं हलविण्याच्या कामांत १९३७ पर्यंत ते पुन्हां पुन्हां येऊन राबले. बिहारांत टोपली उचलणाऱ्या हातांचा तुटवडा नव्हता, हें खरें. एका युरोपीय माणसाच्या प्रवासखर्चांत कित्येक मजूर लागले असते. तरीही साहेबानें उन्हांत टोपली उचलावी, या दृश्याला त्या काळच्या हिंदुस्थानांत कांहीं अर्थ होता. आज तो उरलेला नाहीं; नुसती नक्कल केली तर तेथील मजुराची मजुरी तेवढी बुडते.

किल्लारीहून सोलापूर फार दूर नाहीं, आणि परदेशीं सेवेचें मराठी माणसाला सर्वांत परिचित असलेलें उदाहरण त्या सोलापूरचें आहे. १९३८ च्या सप्टेंबरांत काँग्रेसच्या वतीनें पांच डॉक्टरांचें पथक मुंबईहून बोटीनें चीनला निघालें. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर हे दोघे होते. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या देशाला ही मदत होती. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळें कोटणिसांची कथा घरोघर पोंचली. पण सेवेच्या दृष्टीनें तींत जें शिकण्यासारखें आहे तें प्रेमकथेच्या आड दडून जातें. कोटणीस चिनी भाषा शिकले, आणि तेथील विद्यार्थ्यांना त्या भाषेंतून शिकवूं लागले. तेथील सैनिकांचें अन्न म्हणजे मुख्यतः राळा. तोच त्यांचाही आहार झाला. (राळा मराठवाड्यालाही अनोळखी नाहीं. गरिबाचें धान्य म्हणून तो शेतांतून गेला, आणि आतां श्रीमंतांचें पथ्य म्हणून शहरी दुकानांत परत आला आहे. असो.) पथकांतील तिघे डॉक्टर परतल्यावरही कोटणीस मागें राहिले. १९४१ सालीं डॉ. बेथून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशीं त्यांनीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या ३२ व्या वर्षीं त्याच देशांत त्यांचें देहावसान झालें.

प्रत्येकानें कोटणीस व्हावें, असें म्हणणें वेडेपणाचें होईल, आणि मुलांच्या आयांनीं तर तें ऐकूंच नये. परंतु त्यांच्या हिशेबांतील एक रकम सर्वांना लागू आहे, ती म्हणजे काळाची. भाषा शिकण्यांत, माणसें ओळखण्यांत, तेथील अन्न पचविण्यांत पहिले महिने जातात. तेवढे दिवस यजमानच पाहुण्याची सेवा करीत असतो. अमेरिकेचे पीस कोअर नांवाचें स्वयंसेवक दल १९६१ ते १९७६ पर्यंत भारतांतही काम करीत होतें. त्या दलानें स्वयंसेवकाची मुदत आधीं कांहीं आठवड्यांचें भाषाशिक्षण आणि मग दोन वर्षें, अशी ठेवली ती उगाच नव्हे. दोन आठवड्यांची सेवा विकणाऱ्या संस्थांना मात्र या गणिताची आठवण करून दिलेली आवडत नाहीं.

विमानाच्या तिकिटाचा वादही याच काळाच्या हिशेबानें बराचसा सुटतो. मुंबईहून लंडनला जाऊन परत येणें म्हणजे सुमारें १४,००० किलोमीटरांचा प्रवास. त्यांत एका उतारूच्या वाट्यास एक टन किंवा त्याहून अधिक कर्बवायु येतो. भारतांतील सरासरी माणूस सबंध वर्षांत दोन टनांच्या आसपास कर्बवायूला कारण होतो. म्हणजे कापडी पिशव्यांनीं अनेक वर्षांत जें वांचविलें असेल, तें एका फेरींत खर्ची पडतें. पंधरा दिवसांच्या हौसेसाठीं हा खर्च समर्थनीय नाहीं, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. तोच प्रवास करून जो दोन वर्षें राहतो, मधल्या सणावारांना घरीं धांवत नाहीं, आणि तेथें सामान्य माणसासारखा बसनें व पायीं हिंडतो, त्याच्या बाबतींत तराजू कलूं लागतो. हीच मुदत अमुक महिन्यांची असावी, असें सूत्र मांडतां येणार नाहीं. पण ज्याला थोडेच दिवस मोकळे आहेत, त्यानें रेल्वेनें पोंचतां येईल एवढ्या अंतरावरचें गांव शोधावें.

नीतीनें आणि बेतानें जगण्याचे नियम प्रत्येक जण आपल्या घरीं ठरवितो. परक्या गांवीं ते गांवाला विचारून ठरवावे लागतात. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरासाठीं मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. सुमारें ३४० किलोमीटर अंतर तोडून आलेल्या पहिल्या गाडींत १० वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होतें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती ३ लाख ८० हजारांवर. म्हणजे तें पाणी सर्वांना सारखें वाटलें असतें तर माणशीं तांब्याभर आलें असतें. पुढें ५० वाघिणींच्या गाड्या आल्या. त्या दिवसांत एखाद्या सज्जन परदेशी स्वयंसेवकानें लातुरांत येऊन दोन वेळां स्नान केलें असतें, तर तो प्लास्टिक वापरतो कीं नाहीं हें विचारण्याचें कोणाला सुचलें नसतें. उलट पक्षीं, दुधाचा पदार्थ न खाण्याचें व्रत घेतलेल्या तरुणीला खेड्यांतल्या म्हातारीनें ताकाचा पेला पुढें केला, तर तिनें काय करावें? नम्रतेनें नको म्हणावें किंवा पिऊन टाकावें. व्याख्यान देऊं नये, एवढें खास.

आतां अनाथाश्रमांविषयीं, कारण या सेवेकडे कोंवळ्या मनाचीं मुलें सर्वांत अधिक ओढलीं जातात. कंबोडियांत २०११ च्या सुमारास चौकशी झाली, तेव्हां अनाथाश्रमांतील सुमारें तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचें आढळलें. मग हीं मुलें तेथें कां? दारिद्र्य हें एक कारण. पण परदेशी पाहुणे अनाथाश्रमाला पैसे देतात, आणि पाहुण्यांसाठीं मुलें लागतात, हेंही एक कारण. ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीनें २०१७ च्या अहवालांत या व्यवहाराची गणना आधुनिक गुलामगिरीच्या प्रश्नांत केली. शिवाय दर महिन्यास नवा दादा, नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. याचा लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होत असेल, तें सांगण्यास मानसशास्त्रज्ञाची जरुरी नाहीं. घरांतील मुलगा किंवा मुलगी अशा कामास निघाली असेल, तर वडिलांनीं येथें खर्चाचें कारण पुढें न करतां सरळ नको म्हणावें.

इतर कामांसाठीं संस्थेला कांहीं प्रश्न आधीं पत्रानें विचारतां येतात. माझ्याकडून घेतलेल्या शुल्कांतील किती रक्कम त्या गांवापर्यंत जाते? हें काम करणारा माणूस तेथें मिळत नाहीं काय? मी गेल्यावर तें कोण करील? उत्तर येण्यास उशीर लागला तर हरकत नाहीं. उत्तराऐवजीं रंगीत चित्रें आलीं तर समजावें. कायद्याची बाजूही पाहावी, कारण सेवा विनामूल्य असली तरी ती कित्येक देशांत कामच समजली जाते. ब्रिटनमध्यें साध्या भेटीच्या व्हिसावर नोंदलेल्या धर्मादाय संस्थेची सेवा ३० दिवसांपर्यंतच करतां येते. अधिक राहावयाचें तर निराळा व्हिसा लागतो.

परक्या ठिकाणीं सेवा कशी करावी, याची शाळा मात्र नांदेडला बाराही महिने भरलेली असते. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं गोदावरीकांठीं निवर्तले, आणि महाराजा रणजितसिंगांनीं १८३० नंतरच्या दशकांत तेथें सचखंड गुरुद्वारा बांधविला. कॅनडा-इंग्लंडसारख्या देशांतून शीख कुटुंबें तेथें येतात आणि लंगरांत कामाला बसतात. तेथील स्वयंपाकाची रीत सुधारावी असें त्यांच्यांतील कोणी सुचवीत नाहीं. रोट्या लाटावयाच्या, भांडीं घांसावयाचीं, यात्रेकरूंचे जोडे सांभाळावयाचे. काय करावें हें तेथला माणूस सांगतो आणि आलेला तें करतो. ते येण्यापूर्वीं लंगर चालू असतो, गेल्यावरही चालू राहतो. परदेशाचें तिकीट अजून काढलेलें नाहीं, पण हात कामाला लावावयाचे आहेत, असा नांदेड-लातूरकडील एखादा मुलगा तेथें जाऊन बसला, तर त्याची जात, धर्म किंवा पदवी कोणी विचारीत नाहीं. न सोललेल्या लसणाची परात त्याच्यापुढें सरकवितात.